वजा पाच यार्ड

पोर्ट मॅरियन, ओहायो
७ सप्टेंबर १९९७

प्रिय डीकन,

नाताळ नसताना माझं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. मी मेलेलो नाही आणि इरेनाही ठणठणीत आहे. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू "हो सेनेटर, बरं सेनेटर" म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागदावर तुला तसं सुटता येणार नाही.

आपलं स्टेडियम पाडतायत. डिसेंबरमधला शेवटचा सामना झाला की लगेच यंत्रं लागणार. ज्या मैदानावर तुझी तरणीताठी वर्षं आणि माझे दोन्ही गुडघे गेले, तिथे आता मोटारी उभ्या राहणार! नवं स्टेडियम सरोवराच्या काठावर बांधलंय, सगळं काचेचं. त्याच्या दाराशी काळ्या ग्रॅनाइटची भिंत आहे आणि त्या भिंतीवर आपल्या स्टोकर्स फुटबॉल संघाचे विक्रम कोरले जाणार आहेत. प्रत्येक विक्रमापुढे एकच नाव. एका हंगामात चेंडू घेऊन सगळ्यांत जास्त कोण धावला? तर म्हणे बक ऑस्टरमन, १९४९ साली, अकराशे चार यार्ड.

तुझं नाव नाही म्हणून माझं डोकं फिरलं. मी तडक क्लबच्या कचेरीत गेलो. तिथे जुन्या नोंदी सांभाळायला फेनविक नावाचा एक तरुण आहे. सभ्य आहे, पण हात असे मऊ की हस्तांदोलन करताना उशी दाबल्यासारखं वाटतं. मी म्हणालो, "फेनविकसाहेब, त्रेसष्टच्या डिसेंबरमध्ये तुमच्या याच मैदानावर खेळ थांबवला होता. कर्ण्यावरून सगळ्या गावाला सांगितलं होतं, ल्यूशस टॉलिव्हर, अकराशे सात यार्ड, नवा विक्रम! पंचांनी चेंडू त्याच्या हातात दिला. पुढे त्यावर पांढऱ्या रंगात तो आकडा रंगवून आला. तो चेंडू आजही माझ्या टीव्हीवर बसलाय, कारण त्या भल्या माणसाने तो तिथल्या तिथे माझ्या छातीवर फेकला होता. मग कोण हा ऑस्टरमन?"

तो म्हणाला, "बरोबर आहे, मिस्टर डोम्ब्रोव्हस्की. पण त्यानंतर टॉलिव्हर आणखी एकदा धावले. त्यात पाच यार्ड मागे गेले. अकराशे दोन."

म्हणजे बघ! माणूस वर्षभर हाडं मोडून घेत पुढे पळतो. सामना संपायला मिनिट उरलेलं असतं, त्याला एकदा खेळी सुरू होते त्या रेषेच्या मागे लोळवतात, आणि झालेलं काम वजा! माझ्या पोलाद कारखान्यात कुणी ओतलेलं लोखंड परत वजा धरलं असतं तर मी फाटकात उभा राहून असा बोललो असतो की भट्ट्या आपोआप विझल्या असत्या.

पण ऐक, फेनविकला त्या सामन्याची जुनी फिल्म सापडलीय. शेवटच्या खेळीत, चेंडू वाटून देणं ज्याचं काम त्या आपल्या होब्सने तुला चेंडू दिला तेव्हा नेमका माझा देह आडवा आला, त्यामुळे तो तुझ्या हातात पोचला की नाही ते दिसत नाही. पुढच्या क्षणी तो बर्फावर पडलेला दिसतो. जर तो होब्सच्याच हातून निसटला असेल, तर नियमाप्रमाणे ते पाच यार्ड होब्सच्या नावावर जातात. मग तुझे अकराशे सात कायम. आणि तुझं नाव ग्रॅनाइटवर.

फक्त तुझा शब्द हवाय. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआत तू सहीनिशी लिहून द्यायचंस की चेंडू हातात आला नव्हता. आणि शेवटच्या सामन्याला यायचंस. चौतीस वर्षं झाली, डीकन. तुला बघायला माझे डोळे आसुसलेत. हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.

तुझा,
कॅझ


टॅलोव्हिल, अलाबामा
२१ सप्टेंबर १९९७

प्रिय सेनेटर,

पत्र वाचून कानात तुझा आवाज घुमला. अंगणातली कोंबडीसुद्धा दबकून बसली.

ज्या भाषणांमुळे संघाने तुला सेनेटर म्हटलं ती अजून तशीच आहेत हे बरं झालं. मला तो दक्षिणेतला सरावाचा सामना आठवला. हॉटेलवाल्याने काळा म्हणून मला आत घ्यायला नकार दिला आणि तू त्याच्या पायरीवर चढून स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापासून सुरुवात केलीस. मी तुझी बाही ओढत म्हणत होतो, "कॅझ, पुरे. मला माझी सोय माहीत आहे." तू काही थांबला नाहीस. शेवटी त्याने तुलाही हाकललं. मग आपण दोघं मिसेस ग्रीनली यांच्याकडे गेलो. त्यांचा अंत्यविधीचा व्यवसाय होता आणि रिकामी खोली होती ती शवपेट्यांच्या शेजारची. तू इतका घोरलास की पेट्यांतून कुणी तक्रार करतंय की काय असं मला वाटत होतं. त्या सकाळच्या बिस्किटांची आणि सिरपाची चव मात्र अजून जिभेवर आहे. तू नऊ खाल्लीस.

आता कामाचं. चेंडू माझ्या हातात आला होता. होब्सने नीट दिला होता. होब्स आता जगात नाही. त्याच्या नावावर काही चढवू नये. ऑस्टरमनचं नाव लागतंय तर लागू दे.

यायचं म्हणशील तर आता प्रवास होत नाही. पाऊल जपून टाकावं लागतं. वय झालं.

हिवाळ्यात सरोवराकडून वारा सुटला की कारखान्याच्या धुराचा वास मैदानात यायचा. येतो का अजून?

इरेनाला नमस्कार. तिच्या खसखशीच्या रोलची आठवण येते.

ल्यूशस


पोर्ट मॅरियन
३० सप्टेंबर १९९७

डीकन,

नाही येत. धूरच नाही तर वास कुठला? कारखान्याच्या दोन भट्ट्या बंद पडल्या, तिसरी धापा टाकतेय. या गावात आता आठवणींशिवाय काही तयार होत नाही. म्हणून तर म्हणतो, निदान आठवण तरी खरी कोरा!

ज्यामुळे सगळे तुला डीकन, चर्चमधला सेवेकरी, म्हणायचे तो तुझा सोशिकपणा मला पहिल्यापासून झेपत नाही. "लागू दे." का लागू दे? तुझ्या आजोबांनी लागू दे म्हटलं, वडिलांनी लागू दे म्हटलं, आणि जगाने लावून घेतलं. दगडावर नाव कोरणं ही साधी गोष्ट नाही. उद्या एखादी मुलगी बापाचं बोट धरून त्या भिंतीसमोर उभी राहील आणि विचारेल, सगळ्यांत जास्त कोण पळालं? आणि बाप खोटं वाचून दाखवेल. इतिहास असाच बिघडतो, डीकन. दुष्ट माणसांमुळे कमी, तुझ्यासारख्या सभ्य माणसांच्या "राहू दे"मुळे जास्त.

खरा गुन्हेगार होब्स नाहीच. तो कोच ब्रॅनिगन. विक्रम झाला होता, टाळ्या झाल्या होत्या, आपण हरणार हे ठरलेलं होतं. अशा वेळी शहाणा माणूस तुला बाकावर बसवून अंगावर कोट टाकतो. या गाढवाने तुला परत आत पाठवलं! त्याच्या अंत्ययात्रेला मी गेलो होतो ते फक्त खात्री करायला.

तू म्हणतोस चेंडू हातात होता. चौतीस वर्षांनी तुला काय आठवणार? मी फेनविककडून फिल्मची व्हिडिओ कॅसेट करून घेतली, ती सोबत पाठवतोय. खुर्ची ओढ, टीव्हीसमोर बस आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ. माझा हत्तीएवढा देह मध्ये येतो त्याआधीचा क्षण नीट बघ. मग लिही.

आणि एक, तुझं अक्षर बरंच सुधारलंय. पूर्वी कोंबडी शाईतून चालल्यासारखं असायचं. निवृत्तीत सुलेखन शिकलास वाटतं?

कॅझ


टॅलोव्हिल
१९ ऑक्टोबर १९९७

प्रिय सेनेटर,

कॅसेट मिळाली. पाहिली. नीट पाहिली.

चेंडू हातात होता. आता हा विषय पुरे.

इकडे अक्रोडासारखे ते पेकन पिकलेत. झाडाखाली बसलं की टपटप पडतात. परवा मुलगी, व्हर्नेल, मला म्हणाली, "बाबा, तुम्ही तासन् तास इथे बसून काय ऐकता?" मी म्हटलं, गर्दी. ती हसली. पण खरंच, ढीगभर पेकन एकदम पडले की लांबून टाळ्या ऐकू आल्यासारखं वाटतं.

तुझ्या गुडघ्यांना जप.

ल्यूशस


पोर्ट मॅरियन
२ नोव्हेंबर १९९७

मिस्टर टॉलिव्हर,

आज सहज म्हणून मी कपाटात उरलेली दुसरी कॅसेट काढली. लावली. पडद्यावर १९६३ सालचा डिसेंबर, बर्फ, तू आणि मी.

म्हणजे तुला पाठवली ती कोणती? इरेनाने खोका तपासला. तुझ्याकडे गेली ती माझी पुतणी डॅनुटा, तिच्या लग्नाची कॅसेट. दोन तास पोल्का नाच आणि केक.

तर महाशय, त्या लग्नात तुम्ही स्वतःला पळताना "नीट पाहिलं"? चेंडू कोणाच्या हातात होता, नवऱ्याच्या की पाद्र्याच्या?

मी तुझ्यासाठी क्लबच्या पायऱ्या झिजवल्या. जुन्या खेळाडूंच्या सह्या गोळा केल्या. ज्याला मी भाऊ समजतो त्याने दहा मिनिटं टीव्हीसमोर बसावं एवढंच मागितलं होतं. तू बसलाही नाहीस, वर खोटं लिहिलंस. तुला यायचं नव्हतं तर तसं सांगायचं. तुझ्या दृष्टीने पोर्ट मॅरियन संपलं असेल, मीही संपलो असेन. माझ्या दृष्टीने तू रोज सकाळी टीव्हीवर बसलेला असतोस, पांढऱ्या रंगाचे आकडे अंगावर घेऊन.

के. डोम्ब्रोव्हस्की


टॅलोव्हिल
१२ नोव्हेंबर १९९७

कॅझ,

तुझं पत्र व्हर्नेलने मला वाचून दाखवलं. अर्ध्यावर ती थांबली.

"बाबा, तुम्ही यांना सांगितलं नाहीत?"

मी म्हटलं, "पुढे वाच."

"आधी उत्तर द्या. पत्रात नाही तर नाही, फोनवरही तुम्ही यांना एकदाही सांगितलं नाहीत?"

"सांगून काय होणार होतं?"

"निदान त्यांच्या पुतणीच्या लग्नात पळायची वेळ आली नसती," ती म्हणाली. तिच्या आईवर गेलीय. मग कागद पुढ्यात ओढून म्हणाली, "आता सांगा. नाहीतर मी माझ्या मनाने लिहिते."

तर ऐक. सुबक अक्षर तिचं आहे. मला दिसत नाही. आधी कडा गेल्या, मग मधलं धुकट झालं, आणि आता उजेड आहे की अंधार एवढंच कळतं. काचबिंदू म्हणतात त्याला. आमच्या घराण्यात आहे. कॅसेट आली तेव्हा मी ती हातात घेतली, वास घेतला आणि फळीवर ठेवून दिली. व्हर्नेलने विचारलं तरी लावू दिली नाही, कारण ती लावून मला वर्णन करून सांगत बसली असती, आणि माझी धाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती. तुझ्याशी खोटं बोललो ते तेवढ्यासाठी. तुला खरं सांगितलं असतं तर तू माझ्या डोळ्यांसाठीही मोर्चा काढला असतास.

तुझं पत्र आल्यावर आम्ही ती कॅसेट लावली. पोल्का झकास होता. मध्येच तुझं भाषण सुरू झालं आणि कुणीतरी ओरडलं, "कॅझकाका, नवरीला जेवू द्या!" मी इतका हसलो की व्हर्नेल घाबरली.

आता दुसरी गोष्ट. ब्रॅनिगनला शिव्या घालणं बंद कर. त्याने मला आत पाठवलं नाही. तो म्हणाला, "टॉलिव्हर, बस खाली. झालेला आकडा बिघडवू नकोस." मीच म्हणालो, "कोच, अजून एकदा. डावीकडून, कॅझच्या मागून."

का ते विचारशील. विक्रमाची धाव आठव. ती उजवीकडून होती. तू त्या वेळी पलीकडे दोघांखाली बर्फात गाडलेला होतास. सगळा हंगाम मी तुझ्या पाठीवर हात ठेवून पळालो, कॅझ. तू रांगेतून सुटून डावीकडे धावायचास आणि माझा उजवा तळवा तुझ्या पाठीवर असायचा. तू कुठे वळणार, कोणाला धडकणार, हे मला डोळ्यांआधी तळव्याला कळायचं. आणि विक्रम झाला तो दुसऱ्याच्या मागून. खेळ थांबला, टाळ्या वाजल्या, माझ्या हातात चेंडू आला आणि मला तू कुठे दिसेनास. मग बर्फ झटकत उठलास. म्हणून तर तो चेंडू तुझ्यावर फेकला.

आणि त्या सकाळी बसपाशी इरेनाने मला गाठलं होतं. "डॉक्टर म्हणतात हा कॅझचा शेवटचा सामना. त्याने तुला सांगितलं का?" तू सांगितलं नव्हतंस. तेव्हा लपवण्यात माझा गुरू तूच.

मला एकदाच तुझ्या मागून पळायचं होतं. पुढे पोचायची घाई नव्हती. होब्सने चेंडू दिला, मी तो डाव्या बगलेत घेतला, उजवा हात तुझ्या पाठीवर ठेवला. चार पावलं. मग तुझा गुडघा गेला आणि जिना संपला हे न कळता पाय पोकळीत पडावा तशी तुझी पाठ माझ्या हाताखालून निघून गेली. उजव्या बाजूला वाट मोकळी होती. त्या काळी मला दिसत होतं, चांगलं दिसत होतं. हात काढला असता आणि वळलो असतो तर आज ती भिंत माझी असती. मी हात काढला नाही. तुझ्यावरच पडलो, आणि पडल्यावर चेंडू सुटला.

तुझं नाव कुठल्याच आकड्यात नाही. पुढे राहून वाट मोकळी करणाऱ्या गार्डच्या कामाची नोंद होतच नाही. सगळ्या दप्तरात आपण दोघं एकत्र असलेली एकच खूण आहे, ती म्हणजे ते वजा पाच यार्ड. फेनविकला लिहून दिलं की चेंडू माझ्या हातात नव्हता, तर ती धाव होब्सची होते. मग मी तिथे नव्हतोच. तुझ्या पाठीमागे कुणीच नव्हतं. एका नावासाठी मला तिथून काढू नकोस, कॅझ. ती माझी धाव आहे.

यायला मला आवडलं असतं. रोज मनाने येतो. पण येऊन करू काय? चार जण हाताला धरून मला मैदानावर नेतील, लोक हळहळतील. मी त्या मैदानावर कधी कुणाचा हात धरून गेलो नाही.

ल्यूशस

(काका, बाबा हे पत्र सांगताना दोनदा उठून अंगणात गेले. एवढं मी माझ्या मनाने लिहिते. — व्हर्नेल)


पोर्ट मॅरियन
२० नोव्हेंबर १९९७

ल्यूशस,

पत्र आल्यापासून मी बोललो नाही. इरेनाने कपाळाला हात लावून पाहिला, ताप नाही म्हणाली, तरी डॉक्टरांना बोलवू का म्हणून विचारलं. मग मी तिला पत्र दिलं. वाचून ती स्वयंपाकघरात गेली आणि खसखस भिजत घातली.

चौतीस वर्षं मी ती खेळी उलटसुलट बघितली. ब्रॅनिगनला दोष दिला, बर्फाला दिला, मेलेल्या होब्सलाही सोडलं नाही. ही सगळी बडबड कशासाठी होती ते तुला माहीत होतं. माझी पाठ कुठे गेली याबद्दल मी कधी बोललो नाही आणि तू कधी विचारलं नाहीस. तू कंटाळून दूर राहिलास असं मला वाटायचं. आपल्याला पाडणाऱ्या माणसाच्या गावात कोण येईल?

आज सकाळी फेनविककडे गेलो. सह्यांचा गठ्ठा परत घेतला. म्हणालो, "पाच यार्ड टॉलिव्हरचेच. राहू देत." तो म्हणाला, "मग नाव ऑस्टरमनचंच लागेल." मी म्हणालो, "लागू दे." माझ्या तोंडून हे दोन शब्द ऐकून तो खुर्चीतून उठलाच.

आता नीट ऐक. शेवटच्या सामन्याच्या मध्यंतरात जुने खेळाडू स्टँडखालच्या बोगद्यातून एकेक करून मैदानावर येणार आहेत. कर्ण्यावरून नाव पुकारतील. क्रम ठरलेला आहे, आधी नावाजलेले, आणि आमच्यासारखे धटिंगण सगळ्यांत शेवटी, घोळक्याने. मी त्यांना म्हणालो, मी टॉलिव्हरच्या पुढे चालणार. त्यांनी विचारलं, का? आयुष्यात पहिल्यांदा मी भाषण केलं नाही. म्हणालो, "तसंच असतं."

तुझा हात कुणी धरणार नाही. तुला कुणी नेणारही नाही. तू माझ्या पाठीवर हात ठेवायचास, वर्षभर ठेवायचास तसा. लांबून बघणाऱ्याला वाटेल, दोन म्हातारे जुनी खेळी करून दाखवतायत. आणि आपण तीच करत असू. बोगद्यात उतार आहे, ओला असतो. बाहेर आलं की डावीकडे वळायचं. उजवा गुडघा आता धातूचा आहे, डॉक्टर म्हणतात माझ्यानंतरही टिकेल. हळू चालतो मी. पण चौथ्या पावलाला बसत नाही.

चेंडू घेऊन येणार आहे. तो तू डाव्या बगलेत धर. आकडा चुकीचा आहे त्याच्यावर. असू दे.

व्हर्नेललाही आण. माडीवरची खोली झाडून ठेवलीय. शवपेट्या नाहीत, पण घोरणं ऐकू येईल.

कॅझ


टॅलोव्हिल
३ डिसेंबर १९९७

प्रिय सेनेटर,

व्हर्नेलने तिकिटं काढली. ती म्हणते थंडीचा कोट नवा घ्यायला हवा. मी जुना शोधायला लावला, स्टोकर्सचा. पेटीच्या तळाशी सापडला. बटणं लागत नाहीत, पण बाह्यांना तोच वास आहे, धुराचा. तुमच्या गावात उरला नसेल तर मी घेऊन येतो.

रोज संध्याकाळी अंगणात सराव चाललाय. व्हर्नेल पुढे चालते, मी मागे. ती भराभर जाते. मी म्हणतो, "अगं, तुझ्या पाठीला काहीच कळत नाही." ती म्हणते, "मग तुमच्या धटिंगणाचीच पाठ आणा." पेकन आता संपले. तरी एखादा पडतो अधूनमधून, आणि आम्ही दोघंही थांबून ऐकतो.

शेवटची ओळ मी स्वतः लिहितोय. व्हर्नेलने कागदावर माझं बोट ठेवून दिलंय. कोंबडी शाईतून गेल्यासारखं वाटलं तर समजून घे.

तू हो पुढे, सेनेटर. मी मागे आहेच.